हॉलचा चेहरा

आयसीयूत नवी नर्स लागली की निरुपमाबाई तिला तीन गोष्टी शिकवत. हात कसे धुवायचे, मशीन ओरडलं तर आधी मशीनकडे बघायचं की पेशंटकडे, आणि हॉलमधून जाताना चेहरा कसा ठेवायचा. पहिल्या दोन गोष्टी पुस्तकात असतात. तिसरी नसते, म्हणून तिच्यावर बाईंचा जोर जास्त.

हॉल म्हणजे बडोद्यातल्या त्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर आयसीयूच्या दाराबाहेरची लांबट खोली. भोकांच्या स्टीलच्या खुर्च्या, एक कायम बंद टीव्ही, एक कायम चालू एसी, आणि त्या दोघांच्या मध्ये डभोईची, करजणची, छाणीची माणसं. कुणी चादर पसरलेली, कुणी थर्मास उघडलेला, कुणाच्या मांडीवर ठेपल्यांचा डबा. सगळ्यांचे डोळे एकाच दाराकडे.

"हसायचं नाही," निरुपमाबाई सांगत. "रडकं तोंड करायचं नाही. घाईत चालायचं नाही, रेंगाळायचंही नाही. बस स्टँडवर आपली नसलेली बस लागली की आपण तिच्याकडे कसं बघतो? तसं बघायचं."

याचं कारण होतं. पेशंटबद्दल काय सांगायचं ते डॉक्टरांनी, संध्याकाळी, आणि सिस्टरांनी फक्त "साहेब सांगतील" एवढंच म्हणायचं, असा नियम होता. खूप वर्षांपूर्वी एका सिस्टरनं कुणाला तरी "आता बरं आहे" असं सांगितलं आणि दुपारी तो माणूस गेला. नातेवाइकांनी काउंटरची काच फोडली आणि डॉक्टरांचा चष्मा. काच नवी आली, चष्मा नवा आला, नियम नवा आला. सिस्टरची नोकरी मात्र गेली.

पण माणसाला कुठून तरी बातमी लागतेच. डॉक्टर संध्याकाळी जे सांगत त्यातून काही कळत नसे, आणि सिस्टर काही बोलत नसत. तेव्हा हॉलनं सिस्टरांचे चेहरे वाचायला सुरुवात केली. म्हणून निरुपमाबाईंनी चेहरे पुसायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंनी हा धंदा बरीच वर्षं चालू होता.

अस्मिता मोहितेला हॉलचा चेहरा जमायला वर्षभर लागलं. जमला, तो घट्ट बसला. इतका, की मांजलपूरला घरी गेल्यावरही निघेना. तिची मुलगी सानवी चित्रकलेत पहिली आली, तेव्हा बक्षिसाचा कागद नाचवत दाराशी आली. अस्मिता बघत राहिली. सानवीचं नाचणं थांबलं.

"तुला नाही आवडलं का आई?"

"आवडलं की गं. खूप आवडलं."

"मग अशी काय बघतेस?"

आतून नवरा, अनुज, म्हणाला, "अगं, ती आनंदानंच बघतेय. तिचा आनंदही युनिफॉर्ममध्येच असतो." आणि स्वतःच्या विनोदावर एकटाच हसला.

त्या रात्री अस्मितानं आरशासमोर उभं राहून हसून पाहिलं. पावसानं फुगलेली खिडकी ढकलावी तसं झालं. थोडी हलली, करकरली, परत बसली.

हॉस्पिटलनंही या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं होतं असं नाही. नर्सना ताण येतो असं वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि बेसमेंटमध्ये, ऑक्सिजनच्या सिलिंडरांशेजारी, हास्ययोग ठेवण्यात आला. हजेरी सक्तीची. अस्मिता दोन ड्यूट्या लागोपाठ करून खाली उतरली. समोरचे गुरुजी दोन्ही हात वर करून "हो हो, हा हा" करत होते आणि चाळीसेक नर्स त्यांच्याकडे बस स्टँडवरच्यासारख्या बघत होत्या. अस्मिताला उभ्या उभ्या झोप लागली. गुरुजींनी नंतर सगळ्यांना सांगितलं की त्या बेनला समाधी लागली होती.

अस्मिताची आता एकच इच्छा उरली होती: डोळ्यांची ओपीडी. तळमजल्यावर, बागेच्या बाजूला. तिथं पेशंट पायांनी येतो आणि पायांनीच जातो. मशीनं ओरडत नाहीत. नर्सनं डोळ्यात थेंब टाकायचे, "वर बघा काका" म्हणायचं, आणि रविवारी घरी राहायचं. तिथल्या नर्सबाई निवृत्त होणार होत्या.

"तुझं नाव घातलंय मी," निरुपमाबाई म्हणाल्या होत्या. "पण वरचे लोक बघतात. तोवर तक्रार नको, भांडण नको, आणि हॉलमध्ये तोंड उघडायचं नाही. समजलं?"

"मी कधी उघडते का मॅडम?"

"नाही उघडत. म्हणून तर नाव घातलंय."

त्या आठवड्यात अस्मिताच्या वाट्याला तात्यासाहेब फणसे होते. दांडिया बाजारातले. आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, स्वतः कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त, आणि आता तोंडात नळी. पहिले काही दिवस तात्यासाहेबांची मुलगी कांचन अस्मिताशी गुजरातीत बोलत होती आणि अस्मिताही तिला गुजरातीतच उत्तर देत होती. मग एकदा कांचनच्या हातून थर्मासचं झाकण पडलं, ती "अगं बाई" म्हणाली, आणि उलगडा झाला. बडोद्यात मराठी माणसं एकमेकांना अशीच सापडतात. काहीतरी पडावं लागतं.

तात्यासाहेबांचा मुलगा दिग्विजय टोरांटोत होता; कांचनबरोबर हॉलमध्ये बसत ते तात्यासाहेबांचे धाकटे भाऊ, बापू. बापूंची सगळी नोकरी रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये काटे वाचण्यात गेली होती. कुठल्या टाकीत दाब किती, कुठला काटा लाल पट्ट्याकडे सरकतोय, हे ते खुर्चीवरून न उठता सांगत. आयसीयूच्या दारासमोर बसल्यावर त्यांना काही वेगळं करायचं नव्हतं. काट्यांच्या जागी सिस्टर होत्या.

"ही सावकाश गेली. म्हणजे प्रेशर स्थिर," बापू जाहीर करत. "ती मागे वळून बघत नाही. म्हणजे आत गडबड आहे, पण आठ नंबरला. आपला पाच." हळूहळू सगळा हॉल बापूंच्या भोवती जमू लागला. छाणीचे एक काका तर डॉक्टरांना भेटायच्या आधी बापूंना भेटून जात.

सिस्टरांनाही हे कळलं होतं. म्हणून त्या जेवायला जाताना मागच्या बाजूनं, मळक्या चादरींच्या लिफ्टनं जात. वास यायचा, पण लिफ्टमधल्या चादरी कुणाचा चेहरा वाचत नसत.

त्या दिवशी दोन नर्स आल्याच नव्हत्या. एकीचं लग्न, दुसरीचा ताप. व्हेंटिलेटरवरचा एक पेशंट म्हणजे एक नर्स, असं नियमात लिहिलेलं असतं. अस्मिताकडे तीन होते. मदतीला कोमल, ती नवी. ती दर थोड्या वेळानं धावत यायची आणि "दीदी, हे लाल का झालं?" असं विचारून अस्मिताचा जीव वरखाली करायची. तात्यासाहेबांची लघवी आदल्या दिवसापासून थांबली होती. प्रेशरची औषधं शेवटच्या टोकापर्यंत चढवून झाली होती. त्याच्या पुढे पंपावर आकडाच नव्हता. पेशंट कुठल्या दिशेला चाललाय हे सांगायला अस्मिताला यंत्र लागत नव्हतं. त्यांचे पाय गार पडायला लागले होते.

दुपार बरीच उतरल्यावर तिला जेवायला सोडलं. ती चादरींच्या लिफ्टकडे गेली तर दारावर कागद चिकटवलेला: समारकाम चालू छे. दुरुस्तीचं काम चालू असल्याचं कुठलंही चिन्ह आसपास नव्हतं. अस्मितानं मास्क हनुवटीखाली ओढला, हॉलचा चेहरा चढवला आणि पुढच्या दारानं बाहेर पडली.

हॉलच्या बरोबर मध्यावर खिशातला फोन थरथरला. निरुपमाबाईंचा निरोप होता. "आय ओपीडी पक्की. एक तारखेपासून. कोमलला आत्ताच सांगू नकोस."

आणि अस्मिता हसली.

ठरवून नव्हे. चेहऱ्याची ती फुगलेली खिडकी आपली आपणच उघडली, सताड. दात दिसले. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या हॉलमध्ये कुणी नर्स अशी हसली नव्हती. ती हसत हसतच जिना उतरून गेली.

बापूंचा चहाचा कप ओठांपाशी थांबला होता.

"पाहिलंस?" ते कांचनला म्हणाले. "काटा हिरव्यात गेला."

अस्मिता जेवून परत आली तर हॉल बदललेला. डभोईच्या आजींनी तिला बघून हात जोडले. छाणीचे काका बापूंची पाठ थोपटत होते. कांचनचे डोळे रडून लाल झालेले, पण रडणं चांगल्या जातीचं वाटत होतं. एवढ्या चांगल्या वातावरणाचं कारण काय असेल, याचा विचार करायला अस्मिताला वेळ नव्हता. आत काहीतरी ओरडत होतं. ती बस स्टँडवरच्यासारखी बघत आत गेली.

कारण तिला भेटीच्या वेळेला कळलं. कांचन आत आली, वडिलांच्या कानाशी वाकली.

"तात्या, दिगूला सांगितलं, आता धावत यायला नको. आज रात्रीचं तिकीट होतं ना त्याचं, टोरांटोहून? रद्द केलं. आता दिवाळीत येईल, मुलांना घेऊन. तोवर तुम्ही घरी असाल."

अस्मिता पंपाची नळी सरळ करत होती. तिचे हात थांबले.

"का सांगितलंत तसं?" तिनं विचारलं.

"अहो, तुमच्यामुळंच तर," कांचन म्हणाली. "म्हणजे तुम्ही बोलला नाहीत, तुम्हाला बोलता येत नाही, ठाऊक आहे. पण बापूकाकांनी पाहिलं ना. त्यांनी लगेच दिगूला फोन लावला. तो तर बॅग भरून बसला होता." आणि तिनं अस्मिताचा हात हळूच दाबला. "थँक्यू हं."

कांचन गेल्यावर अस्मितानं तात्यासाहेबांच्या पायांना हात लावला. पाय आणखी गार लागत होते. मग ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर पीयूष वाईट माणूस नव्हते. दोन दिवस त्यांनी दाढी केली नव्हती आणि ते उभ्यानं बिस्किट खात होते.

"सर, पाच नंबरच्या नातेवाइकांना नीट सांगायला हवं. मुलगा कॅनडात आहे. त्यांनी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं."

"कालच सांगितलंय मी, क्रिटिकल आहे म्हणून."

"पेशंटला बरं वाटतंय असं त्यांना वाटलंय सर."

"कुणी सांगितलं त्यांना?"

आपण हसलो असं सांगायचं, की तात्यासाहेबांची तब्येत सांगायची, आणि दोन्हींतलं आधी काय, हे अस्मिताला ठरवता येईना.

"सांगतो मी," डॉक्टर म्हणाले. "आत्ता बोलवा."

बापू आणि कांचन आले. डॉक्टरांनी बिस्किटाचा चुरा झटकला आणि ते जे रोज सांगत ते सांगितलं. पेशंट क्रिटिकल आहे. पण स्टेबल आहे. वय आहे. आपण सगळं करतो आहोत. वेट अँड वॉच. मग आठ नंबरचं मशीन ओरडलं आणि ते पळाले.

"स्टेबल!" बापू दारातूनच हॉलला म्हणाले.

अस्मितानं हे काचेआडून ऐकलं. टोरांटोत आता सकाळ उजाडत असेल. तो दिगू बॅग उघडून शर्ट परत कपाटात लावत असेल. रात्रीचं विमान त्याला न घेता उडालं की मग कुणी काही करू शकणार नाही. आणि इथं निरुपमाबाईंचा निरोप खिशात अजून ऊबदार होता. तोंड उघडायचं नाही. फक्त एक तारखेपर्यंत.

तोंड न उघडता सांगता आलं तर? चेहऱ्यानं झालेली चूक चेहऱ्यानंच निस्तरावी. ती बाथरूममध्ये गेली आणि आरशात दुःखी चेहरा करून पाहिला. जमेना. सकाळपासून पायांत पेटके, डोक्यात तीन मशीनं, खांदा भरून आलेला; दुःखाला हवा असलेला सगळा माल तयार होता, पण चेहऱ्यावर त्यातलं काही येईना. शेवटी भुवया वर ओढून आणि ओठ खाली ओढून काहीतरी जुळवलं. ते घेऊन ती हॉलमध्ये गेली. बापूंच्या समोरून अगदी सावकाश चालत गेली. परत आली. पुन्हा गेली.

बापूंनी तिच्याकडे लक्षपूर्वक पाहिलं.

"कांचन," ते म्हणाले, "ह्या पोरीला भूक लागलीय."

"अहो सिस्टर, या ना, थोडा खाखरा घ्या," कांचन म्हणाली. "मेथीचा आहे. किती दमवतात तुम्हाला."

अस्मितानं खाखरा घेतला. काय करणार? डभोईच्या आजींनी लोणच्याची बाटलीही पुढं केली. हातात खाखरा घेऊन, चेहऱ्यावर ओढूनताणून आणलेलं दुःख सांभाळत, ती हॉलच्या मधोमध उभी राहिली, आणि तिला एकदम इतका थकवा आला की ती बापूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

सिस्टरला त्या खुर्च्यांवर बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "दिग्विजयना बोलावून घ्या. आजच निघू देत."

बापूंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "पण साहेब आत्ताच स्टेबल म्हणाले."

"तळाला गेलेला दगडही स्टेबलच असतो काका."

कांचनच्या हातातला डबा तिरका झाला. खाखऱ्याचे तुकडे फरशीवर सांडले. कुणी उचलले नाहीत.

"पण तुम्ही हसलात," बापू म्हणाले. आवाजात राग नव्हता, हिशेब चुकल्यासारखं काहीतरी होतं. "मी स्वतः पाहिलं. अहो, एवढं हसलात."

"हसले. माझी बदली झाली म्हणून हसले. डोळ्यांच्या ओपीडीत. तात्यासाहेबांचा त्यात काही संबंध नव्हता. इथून सुटले म्हणून हसले मी."

बापूंनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. परत घातला नाही.

"आयुष्यात एक काटा चुकीचा वाचला नव्हता मी," ते म्हणाले.

"काटा बरोबरच वाचलात तुम्ही. तो दुसऱ्या टाकीचा होता."

कांचन फोन घेऊन कोपऱ्यात गेली होती. तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती "ये, ये, ये" म्हणत होती. अस्मिता उठली. लोणच्याची बाटली आजींना परत दिली. आत जाताना तिनं चेहरा कुठला ठेवला होता हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिच्याही नाही.

दिग्विजय आला. विमानतळावरून थेट, बॅगेसह, तिकडचं जाड जाकीट अंगावर तसंच. तात्यासाहेबांनी डोळे उघडले नाहीत. कथेत उघडतात, आयसीयूत क्वचित. तो बराच वेळ त्यांचा हात धरून बसला. मग अस्मिताला म्हणाला, "सिस्टर, बाबा कधी दाढीशिवाय राहिले नाहीत. मी करू का?"

अस्मितानं परवानगी कुणाला विचारली नाही. गरम पाणी आणून दिलं, वस्तरा दिला, नळीला धक्का लागू नये म्हणून ती स्वतः धरून उभी राहिली. एका गालाची दाढी झाली. दुसऱ्या गालावर नळीची चिकटपट्टी होती, तिथली राहिली. त्याच दुपारी तात्यासाहेब गेले, अर्धी दाढी करून.

पुढचे दिवस नेहमीसारखे गेले. म्हणजे वाईट गेले, पण अस्मिता ते एक तारखेच्या आधीचे म्हणून मोजत होती. कुणी तक्रार केली नाही. डॉक्टर पीयूषना कळलं होतं बहुतेक, पण त्यांनी काही विचारलं नाही. एकदा फक्त तिच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन गेले. सानवीनं तिच्यासाठी नव्या ओपीडीचं चित्र काढलं. त्यात अस्मिता हसत होती आणि भिंतीवर एक भलामोठा डोळाही हसत होता. अनुज म्हणाला, बरं काढलंय, फक्त तुझे दात जास्त दिसतायत. इतके आम्ही कधी पाहिले नाहीत.

तेरावं उरकल्यावर बापू हॉस्पिटलात आले. हातात काही नव्हतं. रिकाम्या हातानं आभार मानायला येणारी माणसं मनापासूनची असतात, आणि म्हणूनच धोक्याची. ते आणि कांचन थेट वरच्या मजल्यावर गेले, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. अर्धा तास बसले, चहा घेतला.

मग निरुपमाबाईंना वर बोलावणं आलं, आणि निरुपमाबाईंनी अस्मिताला बोलावलं. बाईंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तीस वर्षांचा हॉल त्या चेहऱ्यावर होता.

"बस," त्या म्हणाल्या. हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

अस्मिता बसली.

"कोमल जाईल ओपीडीत."

"तक्रार आली का मॅडम?"

"तक्रार असती तर दाबली असती गं मी. आजवर कितीतरी दाबल्यात. आभार आले. आभार कसे दाबू?" बाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत तिथंच ठेवलं. "डॉक्टरांनी सांगितलं नाही ते ह्या सिस्टरनं हॉलमध्ये बसून स्पष्ट सांगितलं, म्हणून मुलाला बाप दिसला. असं साहेबांना तोंडावर सांगितलं त्यांनी. दोनदा. साहेब म्हणाले, कारवाई करावी तर लोक आभार मानतायत, न करावी तर नियम आहे. म्हणून मधला मार्ग. बदली रद्द."

अस्मिता उठायला लागली.

"सांगायला नको होतंस," निरुपमाबाई म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, "मुलगा वेळेत पोचला ना?"

"पोचला."

"हं," बाई म्हणाल्या. "जा. सात नंबरपाशी सिस्टर कुणी नाहीये."

चादरींची लिफ्ट केव्हाच सुरू झाली होती. पण अस्मिताचे पाय तिकडे वळले नाहीत. ती हॉलमधूनच निघाली. तर समोर बापू. तिचीच वाट बघत उभे, मुंडन केलेलं डोकं ट्यूबलाइटखाली चमकतंय, मागे कांचन.

"अहो सिस्टर! थांबा, थांबा. तुम्हाला सांगितल्याशिवाय जाणार नव्हतो," बापू म्हणाले. "आत्ता वर साहेबांशी बोललो तुमच्याबद्दल. सगळं सांगितलं."

"कळलं मला."

"पण शेवटचं नाही कळलं तुम्हाला. ते माझं सरप्राइज." बापूंनी आवाज खाली आणला. "साहेबांना म्हटलं, तुमच्या ह्या सिस्टरची तुम्ही डोळ्यांच्या खात्यात बदली केलीय म्हणे. अहो, तिथं कशाला घालवता तिला? तिथं कोण मरतंय? अशा माणसाची गरज इथं आहे. हिला इथून कधी हलवू नका. साहेबांनी शब्द दिला, बरं का. माझ्यासमोर दिला."

अस्मितानं बापूंकडे पाहिलं. त्या गुळगुळीत डोक्याकडे, त्या प्रामाणिक, केल्या उपकाराच्या तेजानं फुललेल्या चेहऱ्याकडे. आणि पोटातून कुठून तरी काहीतरी वर आलं. तिनं ओठ दाबले. उपयोग झाला नाही. ती हसायला लागली. भिंतीला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, श्वास अडकेपर्यंत हसली. हास्ययोगाच्या गुरुजींनी पाहिलं असतं तर धन्य झाले असते.

"बघ कांचन," बापू समाधानानं म्हणाले, "किती आनंद झाला तिला."

हसता हसता अस्मिताची नजर हॉलच्या टोकाला गेली. करजणची एक बाई, सात नंबरच्या पेशंटची, सकाळपासून गुडघ्यात डोकं घालून बसलेली. ती आता उठून उभी राहिली होती. अस्मिताच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या ओठांवर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं होतं, आणि हात पिशवीत शिरून फोन शोधत होता.

अस्मिताचं हसू तिथंच थांबलं. तिनं पदरासारखा मास्क डोळ्यांवरून फिरवला, बापूंना बाजूला सारलं आणि खुर्च्यांमधून वाट काढत त्या बाईपाशी गेली. फोन धरलेल्या हातावर हात ठेवला.

"थांबा बेन," ती गुजरातीत म्हणाली. "फोन आत्ता लावू नका. आधी बसा."

आणि स्वतःही शेजारी बसली.